गूळ तळहातावर

नऊ दिवस मौन.
फोन आरण्यातल्या पत्र्याच्या पेटीत, घड्याळही.
भंते म्हणाले, बोलणं खाली ठेवा,
मग कळेल किती वाहत होतात.
ठेवलं. कळलं काहीच नाही,
फक्त गुडघे बोलू लागले.

दहाव्या रात्री एक वाजता
नल्लतन्नियाहून आम्ही अकराजण निघालो.
दिव्यांची रांग वर जाते, इतकी वर
की शेवटचे दोनतीन दिवे की तारे
यावरून योआखिम आणि मी
खुणांनी भांडलो.

उतरणारे म्हणतात, करुणावयि.
चढणारे म्हणतात, करुणावयि.
शब्द घरचाच, नुसतं शेपूट वेगळं,
आणि मला तो उच्चारायची बंदी.
मी मान हलवते.
एक अनवाणी म्हातारा थबकतो, माझ्या तोंडाकडे बघतो,
बायकोला हळूच काही सांगतो.
सिंहली येत नाही मला, पण
"मुकी असेल बिचारी"चा सूर
कुठल्याही गावात तोच.

कठड्याच्या कडेनं पांढरा दोरा,
पहिल्यांदा येणाऱ्यांनी उलगडत नेलेला,
दवानं जड झालेला.
कुणाचा कुठे संपला, कुणाचा कुठून सुरू झाला,
गुंता इतका की
आता तो एकच दोरा म्हणायला हरकत नाही.

मागून "वळि, वळि" —
पिठाची गोणी डोक्यावर घेऊन एकजण
दोनदोन पायऱ्या टाकत पुढे गेला.
त्याच्या लेखी वरचं पाऊल शिवाचं,
माझ्यापुढच्या बाईच्या लेखी बुद्धाचं.
गोणी पन्नास किलोची, दोघांच्याही लेखी.

दोनहजार आणि काही पायऱ्यांवर
रन्मेनिकेची टपरी. निळं प्लॅस्टिक, वाफ,
पायावर जळवा काढायला मिठाची पुरचुंडी.
तिनं कोरा चहा पुढे केला,
दुसऱ्या हातानं साखरेचा डबा उघडला, आणि मी,
नऊ दिवस, सहा तास सांभाळलेलं सगळं घेऊन, म्हणाले,
"साखर नको."

मराठीत. स्वतःच दचकले.
योआखिमनं डोळे मिटून घेतले, माझ्यासाठी असावेत.
रन्मेनिके हसली. कुवेतमधल्या स्वयंपाकघरात
शिकलेल्या हिंदीत म्हणाली, साखर नाहीच घालत आम्ही,
डबा रिकामा आहे, बघत होते.
आणि तळहातावर ठेवला
कित्तुलच्या गुळाचा खडा,
चावायचा, मग घोट घ्यायचा.

कितवी खेप?
मी एक बोट दाखवलं. आता कसलं मौन, पण सवय.
वर घंटा आहे, ती म्हणाली,
जितक्या वेळा चढलात तितके टोल.
तुमचे किती?
पिठाच्या गोणीवाल्याला पैसे मोजता मोजता:
सत्तावीस हंगाम इथेच, या पायरीवर.
वर गेले ती नऊ वर्षांची असताना,
बापाच्या खांद्यावर.
पाय माझे लागलेच नाहीत डोंगराला,
मग कसं मोजायचं?
तुमच्या नावानं वाजवू का एक?
तिनं कप विसळला.
दुसऱ्याच्या पायांचं मोजत नाहीत, ताई.
सेल्लय्या, सुटे दे रे.

वर थंडी, गर्दी, पहाटेचे ढोल.
घंटेच्या रांगेत माझ्यापुढे एकजण
एकोणचाळीस वेळा वाजवत राहिला, निवांत,
कुणी कुरकुरलं नाही.
मी एकदाच. दोर हातात उरला,
मागच्याची बोटं दोरावर आली,
सोडला.

मग सूर्य, आणि पश्चिमेला ढगांवर
डोंगराची सावली: डोंगराहून नीटस त्रिकोण,
झाडं नाहीत, पायऱ्या नाहीत, टपऱ्या नाहीत.
लोक साधु साधु म्हणत होते.
सुंदर होती. खोटं कशाला बोलू,
मला त्यात निळं प्लॅस्टिक शोधावंसं वाटलं.

उतरताना गुडघे रबराचे.
रन्मेनिके स्टुलावर बसल्याबसल्या झोपलेली,
मीठ मांडीवर. उठवलं नाही.
दाताच्या फटीत गुळाचा कण अजून होता.
खालून एक पोरगी धापा टाकत आली,
सुईतला दोरा ओढत,
मी कठड्याला टेकून जागा दिली.
तिला बोलायला दम नव्हता.
मीच म्हणाले, करुणावयि.