अर्धं केळं

सोनवणे सर म्हणतात, रिकाम्या पोटी पळा.
रात्रीचं जेवण पायांत उतरलेलं असतं,
सकाळी वरून भर घातली की माणूस जड होतो.
सर फौजेतून आलेत,
शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असावेत.
त्यांना उलट विचारायचं नसतं.

अडावदच्या स्टँडवरून उनपदेवच्या फाट्याकडे
आम्ही अकरा जणी पाचला सुटतो.
दोन्ही हातांना केळीच्या बागा,
समोर सातपुडा, अजून नुसता काळा.
तिसऱ्या दिवशी माझ्या कानांत
वेफरच्या कढईसारखं तडतडलं
आणि डांबर उठून माझ्याकडे आलं.

आबा तीनला उठतात.
केळी कापणाऱ्यांची गाडी साडेतीनला हॉर्न देते.
त्याआधी चुलीपुढे कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
कोयता घासतात तसे जेवतात,
चवीसाठी नाही, धारेसाठी.
मी म्हटलं, आबा, कष्टाआधी खाऊ नये म्हणतात.
त्यांनी घास गिळला.
"हाऊ सवाल जेयेल माणूसलेच पडस, पोरी."
आणि तांब्या उचलला.

मला आधी वाईट वाटलं, मग राग आला.
आठशे मीटर म्हणजे काय, त्यांना कुठं माहीत?
डोक्यावर घड घेऊन ते दिवसाला किती मीटर चालतात
हे मलाही माहीत नव्हतं,
पण तेव्हा ते सुचलं नाही.

नजमा तडवी रमजानात सेहरी करून यायची,
खजुराचा गोडवा दाढेत तसाच.
दिवसभर पाणी नाही, तरी संध्याकाळी
इफ्तारीआधी दोन फेऱ्या जास्तीच्या.
चक्कर येत नाही?
"येते की. पण तिचा टाइम ठरलेला असतो."

मी वहीत लिहू लागले.
सोमवार, उपाशी: तीन मिनिटं चार सेकंद.
मंगळवार, अर्धं केळं, वीस मिनिटं आधी: तीन मिनिटं एक.
बुधवार, अख्खं केळं: बरगडीखाली सुई.
गुरुवारी वारा पाठीमागून होता, तो कुठल्या रकान्यात?
शुक्रवारी पाळी.
शनिवारी सर वही बघून म्हणाले,
पोलिसात जायचंय का तलाठी व्हायचंय?

उरलेलं अर्धं केळं आई खायची.
व्यापाऱ्यानं डाग बघून नाकारलेलं, आबांनी आणलेलं.
तिचे सोमवार असतात, गुरुवार असतात,
एकादशी तर असतेच.
एकदा माझी वही, माझं तोंड, दोन्ही बघून म्हणाली,
"केळं उपासले चालस ना?
मंग ते खाईसन पयनी तरी तू उपाशीच."
एवढ्यावर तिनं साल शेळीपुढे टाकली.

भरतीचं बोलावणं आलं जळगावला, पहाटे चारचं.
सव्वातीनला मी अर्धं केळं खाल्लं,
सगळं वहीप्रमाणे.
मग रांग. मग कागद. मग उंची.
मग नुसतीच रांग.
ऊन गुडघ्यावर आलं, खांद्यावर आलं.
अकरा वाजून गेले.
पोटाला आता आठवत नव्हतं
ते भरलेलं होतं की रिकामं.

पुढची मुलगी अक्कलकुव्याकडची,
रात्रीच्या एसटीनं उभी आलेली.
तिनं कालपासून काही खाल्लं नव्हतं.
तिला कुणी सर नव्हते.

माझ्या पिशवीत एक केळं होतं, अख्खं,
उन्हानं मऊ पडलेलं.
आमच्या दोघींत तीच आधी पळणार होती,
आणि जागा थोड्या,
हे तिलाही कळत होतं, मलाही.
मी ते मोडलं.
मोठा तुकडा कुणाकडे गेला ते बघितलं नाही,
असं म्हणायला बरं वाटतं.
बघितलं होतं.

सहाशे अकरा, असं ओरडले. ती गेली.
मग सहाशे बारा.
मैदानात कचरा टाकला तर बाद करतात
असं कुणीतरी सकाळी म्हणालं होतं.
मी साल घडी करून खिशात घातली
आणि रेषेवर वाकले.