दर क्रेटमागे खर्च

एम.कॉम.चा वर्ग, दुपारचे अडीच.
फळ्यावर मी गणित मांडते:
गिरणारेच्या पुढे एक द्राक्षबाग,
थॉम्पसनचे घड, साखर उतरलेली,
कंटेनर उद्या न्हाव्याला लागायचा.
मालक सहाला नाक्यावरून माणसं उचलतो,
पुन्हा नऊला, बाराला, तीनला.
पाचला, ऊन कलताना, आणखी सहाजण.
दिवस मावळता सगळ्यांच्या हातावर
सारखेच, चारशे.
काढा, दर क्रेटमागे मजुरीचा खर्च.

मुलांना वाटतं, गणित मीच बनवलं.
ते बाबांकडून आलेलं.
शांतवन अमोलिक, शरणपूरच्या देवळाचे खजिनदार.
रविवारी अर्पणाची थैली
जेवणाच्या टेबलावर पालथी करायचे,
नाण्यांच्या चळती एका उंचीच्या रचायचे
आणि रचता रचता हा दाखला सांगायचे.
मी विचारायची, मग सहाचा माणूस चिडला नाही?
चिडला की, म्हणायचे,
आणि पुढची चळत घ्यायचे.

शिरोडेचा हात पहिला वर.
मॅडम, हा मालक दोन हंगामांत बसणार.
उद्यापासून सगळे पाचलाच येतील.
वर्ग हसतो. मीही हसते,
कारण चूक काय आहे त्यात?
प्रोत्साहन वेतन, प्रकरण चौथं.
रिकामा वेळ, प्रकरण पाचवं:
ज्याची मजुरी जाते आणि काम होत नाही तो.
व्याख्या मीच लिहून दिलेली, अधोरेखित करा म्हणून.

शेवटच्या बाकावरून यमुना भोये, बसल्या बसल्या:
पाचचा माणूस पाचला उठला नव्हता, मॅडम.
सुरगाण्याहून पहाटेच्या जीपने निघालेला.
सहापासून नाक्यावरच होता.
म्हातारा असेल. नाहीतर बाई, कडेवर पोर.
माझ्या आईला दुपारपर्यंत कुणी नेलं नाही
तर परतीचं भाडं ती उसनं घेते.
तो रिकामा वेळ कुठल्या खात्याला टाकू?

पंखा तेवढा बोलत राहिला.
शिरोडे कॅल्क्युलेटर बंद करतो, चालू करतो.
तो खर्च बागेचा नाही ना पण, म्हणतो,
खरंच विचारल्यासारखं.
मग कोणाचा, ती म्हणते.

इथे मला ते नाव घेता आलं असतं.
ओठांशी आलं होतं.
पण साठ मुलं, साठ घरचे साठ देव्हारे,
आणि विद्यापीठ मला पगार देतं तो कॉस्टिंगचा.
घेतलं नाही.
ती रीत होती की भीती,
जमा की खर्च,
नोंद अजून कच्च्या वहीतच आहे.
एवढंच म्हटलं: दोन्ही रीतींनी सोडवून आणा.
दुसरी रीत कुठली, कुणीतरी विचारलं.
तेवढ्यात बेल झाली.

विभागप्रमुखांनी नंतर विचारलं,
हे उदाहरण कुठल्या कोर्स आउटकमखाली?
तिसऱ्या, मी लिहिलं. विश्लेषण.

सोमवारी वह्या आल्या.
बहुतेकांनी पहिली रीत दोनदा केलेली, अक्षर बदलून.
यमुनाची वही आलीच नाही.
शिरोडेने मात्र एक जादा रकाना आखला होता,
पट्टीने, लाल पेनाने,
वर मथळा: उभं राहण्याचे तास.
खाली कोरं.
दहापैकी किती द्यावेत कळेना,
वही तशीच बाजूला ठेवून उठले.

स्वयंपाकघरात रंजना भांडी लावत होती.
ड्रॉवरमध्ये माझी डायरी, निळी शाई, वळणदार अक्षर:
तारीख अकरा, साडेदहाला आली, बस नव्हती म्हणे,
अर्धा दिवस वजा.
पाकिटातून पैसे काढले, तिच्यापुढे धरले.
तिने हात पुसले, पण पुढे केले नाहीत.
हे कसले, ताई?
गेल्या महिन्याचा हिशोब तर झालाय.