डावा खांदा, पाऊण इंच

पदवीच्या प्रदर्शनात माझ्या डमीचे
दोन्ही खांदे सारखे होते.
बिनडोक्याची, नंबर दहा,
तिला दम लागत नव्हता, तिला कुठं जायचं नव्हतं,
ऑर्गन्झा तिच्यावर असा पडायचा
जणू आधी सांगून ठेवलंय त्याला.
परीक्षक म्हणाल्या, फ्लो छान आहे.
मी तो एक शब्द चार महिने पुरवून खाल्ला.

मग संभाजीनगरात एका बुटीकमध्ये
बिनपगारी हुक लावले, काज केले,
मॅडमच्या कुत्र्याला स्वेटर शिवला
आणि परत आले परभणीत.
कच्छी बाजारात दस्तगीर मास्तरांच्या
दुकानाचा अर्धा ओटा.
भाडं दीड हजार, लाईट वेगळी.

"टेलरच व्हायचं होतं
तर तीन वर्षं फी कामून भरायला लावलीस?"
हे पप्पा एकदाच म्हणाले.
गल्ली रोज म्हणते.

लेबलचं नाव ठरलं होतं: सरकी.
कापसाच्या पोटातलं, कुणी न पाहिलेलं, वगैरे;
वहीत पानभर लिहिलंय मी त्यावर.
पप्पा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
हसले. "अगं, सरकीची तर ढेप होती,
म्हशीला घालतेत."
तरी सुरतेहून मागवली.
कमीत कमी हजार घ्यावीच लागतात.
हजार लेबलं, गिऱ्हाईक शून्य.
खोकं मशीनखाली. पाय टेकायला बरं.

पहिल्या आल्या गिरामबाई.
एसटीत कंडक्टर, अठरा वर्षं,
बहुतेक गंगाखेड, कधी पाथरी, कधी जिंतूर.
लेकीचा साखरपुडा. मोरपंखी कापड.
"कुणीबी शिवू दे, डावीकडनं उतरतंयच.
चालत्या गाडीत तिकीट फाडावं
का गळा सावरावा, सांग."

मी टेप लावली.
खांदा साडेचौदा, छाती छत्तीस,
सगळं कॉलेजच्या तक्त्यात बसलं.
मांजरपाटाचा नमुना अंगात घालून पाहिला.
उतरला.

मास्तर मान वर न करता म्हणाले,
"टेप कू नक्को देख बेटा. बाई कू देख."

पाहिलं.
डावा खांदा पाऊण इंच खाली.
पैशांची बॅग घरी होती त्या दिवशी
तरी तिथंच होती.
अठरा वर्षांची चिल्लर,
सुट्ट्यावरून झालेली भांडणं,
आणि रस्त्याचे खड्डे, तेही त्याच बाजूनं मोजलेले.

कापड दुमडायचं, कैची एकदाच चालवायची,
म्हणजे दोन्ही बाजू जुळ्या निघतात:
पहिल्या सत्रातला पहिला धडा.
त्या रात्री मी घडी मोडली.
उजवी बाजू कापली.
मग डावी, वेगळी.
जुळी नव्हे. बहीण.
तीनदा उसवलं. एकदा रडले,
ते कापडावर पडू नये म्हणून बाजूला सरकून.
बाहेरून सरळ दिसावं
म्हणून आतून वाकडं जमवत गेले,
अन् हे कुठल्या विषयात येतं
ते काही आठवेना.

गिरामबाईंनी घालून पाहिलं.
आरशात नाही.
ओट्यासमोर पाय फाकवून उभ्या राहिल्या,
डावा हात वर केला
आणि नसलेली दोरी ओढली,
एकदा. मग दोनदा.
गाडी सुटली म्हणावी असं तोंड.
"राहिलं की गं जागेवर."
साडेतीनशे रुपये, सुट्टे,
बोटाला थुंकी लावून, दोनदा मोजून दिले.

तिसऱ्या दिवशी परत.
मागं डेपोतल्या आणखी दोघी,
एकीचा उजवा खांदा मला लांबूनच दिसला.

"ते काय लावलंस गं मागं?
मानेला टोचायलंय. काढ ते."

मी उसवणीनं चार टाके सोडले,
सरकी हातात आली.
खोक्यात टाकली.
हजार पुन्हा पूर्ण झाली.