वतीने

सकाळी एकदाच पासवर्ड टाकते.
मग ब्राउझर माझ्या वतीने
डिझेल कोट्याच्या दारात उभा राहतो,
परवान्यांच्या, बर्फाच्या खात्याच्या.
कुणी पुन्हा विचारत नाही, तू कोण.

हर्णैत हे जुनंच.
अब्बा खलाशाच्या पोराहाती चिठ्ठी धाडायचे:
यास आठ लाद्या देणे. इब्राहिम सोलकर.
पोराला कोण ओळखतंय,
सहीतला वाकडा र ओळखायचे.

माझं तिकीट मात्र
संध्याकाळी सहाला मरतं.

काल बर्फ कारखान्यात, खिळ्यावर,
त्यांची एक चिठ्ठी दिसली,
काट मारायची राहून गेलेली.
अब्बांना जाऊन अकरा वर्षं.
दिलावरनं उलटसुलट पाहिली.
तारीख नाही हिच्यावर, म्हणाला,
लाद्या आत्ता नेतेस?