दोरी

तारवटी रोमाल्दो सुट्टीवर आला
तेव्हा चॉकलेटांच्या तळाशी
टॉवेलात गुंडाळलेला एक पांढरा डबा होता.
ह्या खेळात, म्हणाला, बसायचं नाही. उभं राहायचं.

दिवाडीत रविवारी दुपारी
उभं राहायला कुणी तयार नसतं.
तरी जमलो. टीपॉय सरकवला,
आल्तारावरची मेणबत्ती तेवढी एर्मेलिंदबायने आत नेली,
'सांगता येत नाही' म्हणत.

पहिला फटका माझा, टेनिसचा.
चेंडू नव्हता, जाळं नव्हतं,
तरी खांद्यात कुठेतरी शाळेची घंटा झाली
आणि माझं कोपर बसलं एर्मेलिंदबायलाच,
जिच्याशी अकरा वर्षं
कुंपणावरच्या फणसाखेरीज मी काहीच बोलले नव्हते.
'लागलं का?'
'लागूं दे गे. पॉइंट कुणाचा?'

मग सगुण तारी.
फेरीबोटीवर बत्तीस वर्षं, धक्का जवळ आला की दोर फेकायचे.
निवृत्तीनंतर त्यांचा हात मांडीवर नुसताच असे,
कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
रोमाल्दोने त्यांच्या मनगटात पट्टी अडकवली.
'एवढीशी दोरी?'
'सुटू नये म्हणून, बाब.'
'काय सुटू नये?'

पडद्यावर लांब गुळगुळीत वाट, टोकाला दहा बाटल्या.
ते गुडघ्यात वाकले, एक पाय मागे,
डोळे बारीक, जणू मांडवीला ओहोटी आहे,
आणि हात असा सोडला
की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं.

दहाही आडव्या!

काय तो आरडाओरडा.
पोदेर सायकल टेकून खिडकीशी आला, 'कोण जिंकला?'
आणि पाव द्यायचेच विसरला.
पडद्यावर सगुणबाबांचं बाहुलं
गोल डोक्याचं, बिनपायांचं, टाळ्या वाजवत होतं.
ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
'ह्याला मिशी घाल आधी,' म्हणाले, 'मग फेकतो.'

सोमवारी सकाळी धक्क्यावर दिसले.
फेरी येत होती. नवा पोरगा
एका हातात दोर, दुसऱ्यात मोबाइल.
सगुणबाब उजवा खांदा दाबत उभे.
'दुखतो?' मी विचारलं.

'दुखतो,' ते म्हणाले,
नोकरी लागल्याचं माणूस सांगतो
त्या आवाजात.