झडती

डॉक्टर गुरुवारी येणार, गाडी घेऊन, अकराच्या सुमाराला.
फोनवर म्हणाल्या, आदल्या रात्री आठनंतर खायला देऊ नका,
सकाळपासून एकाच खोलीत ठेवा,
पलंगाखाली शिरता येणार नाही अशा,
आणि मुख्य म्हणजे, काका,
तुम्ही नेहमीसारखे वागा.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते मला चार दिवस आठवेना.

तपकीर नऊ वर्षांची असेल. दहाचीही.
पिंपळगावहून आलेल्या द्राक्षांच्या क्रेटमध्ये
कागदाच्या कातरणांखाली सापडली,
घडातून निसटलेल्या मण्याएवढी.
कांता म्हणाली, रंग बघा, तुमच्या तपकिरीचा.
आता डबी सोडा आणि हिला धरा.
डबी सुटली.
कांताला जाऊन दोन संक्रांती झाल्या.

जबड्याखालची गाठ डोळ्यांना दिसली नव्हती,
अंगठ्याला लागली.
नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात, एकतीस वर्षं
ताव तपासले या अंगठ्याने.
चुकलेला ताव नजरेआधी त्याला कळायचा.
बाजूला काढायचा, पुढचा घ्यायचा.
हा बाजूला काढता येईना.

म्हणून सोमवारपासून तालीम.
बातम्या लागल्या की तिला मांडीवर घ्यायचं,
कान उलटून बघायचे, पंजा दाबून नखं बाहेर काढायची,
ओठ वर करून दात, शेपटी वर करून, असो.
पहिल्या दिवशी तिने मनगटावर तीन रेघा ओढल्या.
मी म्हटलं, बाई, मलाही असंच वाटलं होतं.
भोंगा झाला की रांग, हात वर, खिसे बाहेर,
डबा उघडा, झाकण उलटं.
झडती घ्यायचा कोण, तर कोंडाजी,
सकाळी ज्याच्याबरोबर अर्धा-अर्धा चहा घेतला, तोच.
राग महिनाभर टिकला.
मग हात आपोआप वर जायला लागले, घरीसुद्धा.
कांता हसायची,
दारात काय उभे राहिलात, या आत,
काही चोरलेलं दिसत नाही.

मंगळवारी दोन रेघा.
बुधवारी एकच, तीही वरवर.
रात्री आठला बशी उचलली.
बशीच्या जागी ओला गोल राहिला होता,
त्याच्यासमोर ती बसून राहिली,
ओरडली नाही, नुसती बसली.
मग मलाही कुकर उघडवेना.

वहीच्या पानावर लिहून काढलं, विसरायला नको म्हणून:
पाणी जास्त पिते.
डाव्या बाजूने चावते.
उडी मारण्याआधी विचार करते.
शेवटचं खोडलं. ते आजारात धरतात की वयात, माहीत नव्हतं.

गुरुवारी कपाटामागच्या फटीत गादी कोंबली.
क्रेटमध्ये कांताची शाल घातली, न धुतलेली.
जेल रोडच्या आमच्या गल्लीत गाडी वळेना,
मांडवाचे बांबू अजून कुणी काढले नव्हते.
डॉक्टर निरभवणे चालतच आल्या,
खांद्याला बॅग, मागे वजनकाटा घेतलेला पोरगा.
चपला बाहेर काढल्या दोघांनी.
काटा फरशीवर ठेवला तेव्हा टक् वाजलं,
मला वाटलं, आता ही पडदा फाडत वर जाणार.

तपकिरीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि कुणी हात लावायच्या आत
गळा वर केला.

एवढी शहाणी कशी हो, डॉक्टर म्हणाल्या.
बारीक सुई, काचेच्या पट्टीवर एक थेंब.
पोरगा शाल धरून होता. मी दाराशी.
त्यांनी हातमोजे काढले, मान वळवली, थोडं थांबल्या.
काका, म्हणाल्या,
तुम्ही हात खाली घेतले तरी चालेल.

शनिवारी कळेल.
तोवर नेहमीसारखं.

बांबूंना वळसा घालून ते दोघं गेले.
मी बशी खाली ठेवली, कालच्याच जागी.
ती खायला लागली, डाव्या बाजूने.
कुकरचं झाकण उघडलं.
खिचडी चांगली होती अजून.