तीन ठोके, तीन सेकंद

रायली वॅन्तिनेनचं हृदय घाईत असतं.
मिनिटाला शहाण्णव. बसल्या जागी. कॉफीच्या आधी.
ऑक्टोबरात मीच तिला नळीत सरकवलं होतं,
छातीवर कॉइल, कानांत बोळे,
आणि काचेमागून सांगत होते :
श्वास सोडा. थांबा. थांबूनच राहा.

आकडा आला अकराशे ऐंशी.
डॉक्टर म्हणाले, ठीक.
शेवटच्या फेरीनं ती हाइलुओतो बेटावर परतली.
पाय मात्र सुजतच राहिले.

मला शिकवलं होतं ते इतकंच :
मशीन स्नायूतल्या पाण्याला उलटं पाडतं,
आपण मोजायचं,
ते किती वेळात परत उभं राहतं.
दुखऱ्या स्नायूतलं पाणी सावरायला वेळ लावतं.
एवढ्यावर निदान.

इल्पो, आमचा भौतिकशास्त्रवाला,
एका स्वेटरवर ओउलूचा अख्खा हिवाळा काढणारा,
रात्री जेलच्या बाटल्यांना खोटे ठोके पुरवायचा :
साठ, ऐंशी, शंभर.
बाटली तीच, जेल तेच.
ठोके वाढले की आकडा खाली.

पहाटे त्याचा फोन.
"आपण मध्ये तीन ठोके थांबतो ना?
तीन ठोके म्हणजे किती वेळ?"
मी झोपेतच म्हणाले, तीन ठोके म्हणजे तीन.
"पण कुणाचे?"

संथ हृदयाचे तीन ठोके, तीन सेकंद.
रायलीचे दोनातच संपले.
पाणी अजून गुडघ्यांवर होतं
तोवर आम्ही ते पुन्हा पाडलं
आणि कागदावर लिहिलं : लवकर उठलं.

त्यानं एक शब्द बदलला.
'ठोके' खोडलं, 'सेकंद' लिहिलं.
मग कॅन्टीनच्या ओस्मोला चार मजले चढवलं, उतरवलं,
धापा टाकत असतानाच नळीत घातलं.
धावण्याआधी, धावल्यानंतर,
ओस्मोचा आकडा जागचा हलला नाही.

फेब्रुवारीत रायली भाच्याच्या गाडीतून आली,
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्यानं.
बूट काढता काढता म्हणाली,
"बाबा गिरमिटानं भोक पाडून आत पट्टी घालायचे.
काल मोजलेलं बर्फ आज धरायचं नाही, म्हणायचे."

श्वास सोडा. थांबा.
मशीनचा खडखडाट मध्येच थांबला.
तीन सेकंद,
कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तसे.

तेराशे चाळीस.

इल्पोनं चष्मा काढून स्वेटरला पुसला.
त्याचं म्हणणं खरं निघालं होतं
आणि दोघांपैकी कुणालाच
ते मोठ्यानं म्हणवेना.

"या वेळी जास्त थांबायला लावलंत,"
नळीतून बाहेर येत रायली म्हणाली.
हो, मी म्हटलं. मागच्या खेपेला
थांबायला आम्ही कमी पडलो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.
डॉक्टर आत घेऊन गेले. दार लागलं.

टेबलावर इल्पोची यादी :
शरदापासूनची घाईची हृदयं, त्रेचाळीस,
सगळ्यांपुढे माझ्याच अक्षरात 'ठीक'.
मी फोन उचलला.
पहिलं नाव एक शाळामास्तर, पुदासयार्वीचे.
घंटा वाजत राहिली.
मी मोजत होते, ठोक्यांत नाही.